जिन्यावरच्या गुलाबाची भुरी

भुरी परत आली होती.

वहिनींनी गॅलरीचं दार उघडलं, चष्मा लावला, एक कोवळं पान दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं आणि "आलीस का बाई" एवढंच म्हणून दार लावून घेतलं. चिडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं. पिठाचा हात पुसावा तशी पानांवर पांढरी पूड, कडा आत वळलेल्या, कळ्या मान अवघडल्यासारख्या तिरक्या. ही सहावी खेप की सातवी, ते मोजणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. रोग जातो, आठ दिवस बरं वाटतं, जरा कुठे गार हवा सुटली की हा पुन्हा दारात हजर. नकोशा पाहुण्याला निदान तोंडावर बोलता तरी येतं.

वहिनी म्हणजे सगळ्या गल्लीच्याच वहिनी. वय त्रेसष्ट, गुडघे त्याहून दहा वर्षांनी मोठे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, एक शिलाई मशीन, आणि लोकांचे पडदे. लोक मापं चुकीची आणायचे आणि पडदे आखूड झाले की वहिनींना बोल लावायचे. त्यावरही त्या हल्ली वाद घालत नसत. उसवायच्या, पट्टी जोडायच्या, द्यायच्या.

खालच्या मजल्यावर ताई राहायच्या. वहिनींची नणंद, यजमानांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, उभा जन्म दवाखान्यात औषधं वाटण्यात गेला. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून त्यावर डोस आखायचे त्या काळापासूनच्या. माणूस शिस्तीचा, इतका की दूधवालासुद्धा त्यांच्या दारात चप्पल नीट काढून ठेवायचा.

आणि या दोघींच्या मध्ये जिना. लोखंडी, बाहेरून वर जाणारा. त्याच्या कठड्यावरून तो गुलाब चढला होता. मूळ खाली ताईंच्या खिडकीशी, फुलं वर वहिनींच्या गॅलरीत. वाटणी अशी की भांडायला जन्मभर पुरावी, पण घड्याळजी होते तोवर कुणी भांडलं नाही. घड्याळजी म्हणजे वहिनींचे यजमान. खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. गुलाब त्यांनीच लावलेला, तांब्याच्या बारीक तारेने कठड्याला बांधलेला. भुरी तेव्हाही यायचीच. पण हे गृहस्थ सकाळी डोळ्याला भिंग लावून, ओल्या फडक्याने एकेक पान पुसत बसायचे. मनगटी घड्याळ उघडावं तशी फांदी उघडून बघायचे. जास्त बिघडलेलं डहाळं कापून पिशवीत बांधायचे. औषध म्हणून कधी मारलं नाही. वहिनी वरून ओरडायच्या की गिऱ्हाईक उभं आहे, आणि हे म्हणायचे, हेही गिऱ्हाईकच आहे.

ते जाऊन चौदा महिने झाले. साखरेचा आजार, पायाला जखम झाली ती भरेना, मग पाय राहिला बाजूला आणि हृदयानेच दगा दिला. चौदा महिने दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भांडण झालं म्हणाल तर तेही नाही. भांडण झालं असतं तर बरं, निदान मिटवता तरी आलं असतं. तेराव्या दिवसापर्यंत माणसांची ये-जा होती, ती आटली, आणि त्यानंतर वहिनी खाली गेल्या नाहीत नि ताई वर आल्या नाहीत. कामाचं काही असलं तर जिन्याच्या कठड्याला कपड्याच्या चिमट्याने चिठ्ठी. 'टाकी धुवायची आहे.' 'पंप दहाला बंद करावा.' खाली सही नाही, वर नाव नाही. दोनच माणसं घरात, सही कशाला लागते?

गल्लीत लोक म्हणायचे, भाऊ होता तोवर गोडी होती, भाऊ गेला नि नणंदेने रंग दाखवला. वहिनी यावर हो म्हणत नसत, नाही म्हणत नसत. कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

खरं हे होतं. डॉक्टरांनी साखर पूर्ण बंद सांगितली त्या दिवशी ताईंनी घरातले साखरेचे डबे स्वतः रिकामे केले होते. वहिनींकडे बघून म्हणाल्या होत्या, "चहात सुद्धा नाही. मी हे रोज बघितलंय दवाखान्यात." वहिनींनी मान हलवली. आठ दिवस पाळलं. नवव्या दिवशी दुपारी चारच्या ठोक्याला घड्याळजी वर आले, चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून नुसते भिंतीकडे बघत बसले. सबंध आयुष्यात ज्या माणसाने जेवणात मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं केलं नाही, त्याला तसं बसलेलं वहिनींना बघवेना. वहिनींनी शेजारून वाटीभर साखर आणली, शिलाईच्या डब्यात बटणांखाली लपवली, आणि त्या दिवसापासून चारच्या चहात एक चमचा. एकच. घड्याळजी म्हणायचे, ताईला कळू देऊ नकोस, जीव खाईल माझा. दोन वर्षं चाललं. मग जखम झाली.

आता सांगा, अशा बाईने खाली जाऊन नणंदेच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? ताई औषधं जाणणाऱ्या. त्यांना तपासणीचे आकडे समजत होते. घरात साखर नाही आणि रक्तात आहे, म्हणजे कुठून आली, हे त्यांनी ताडलं नसेल? ताडलंच असणार. म्हणून तर बोलत नाहीत. वहिनींनी मनाशी हे पक्कं केलं होतं आणि चौदा महिने ते ओझं वर-खाली वाहत होत्या.

गुलाब मात्र मरता कामा नये, एवढं एकच त्यांनी धरलं होतं. माणूस आपल्या हाताने घालवला, निदान त्याचं झाड तरी घालवायचं नाही. म्हणून पहिल्याच हिवाळ्यात भुरी दिसली तेव्हा त्या मोठ्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेल्या आणि फवाऱ्याचं तेल घेऊन आल्या. बाटलीतलं दोन झाकणं तेल, साबणाचे थेंब, कोमट पाणी, आणि दर गुरुवारी संध्याकाळी गॅलरीतून खालपर्यंत हात लांब करकरून फवारा. गुरुवारच का, तर ताई त्या दिवशी वाचनालयात जायच्या. ताईंनी बघितलं असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे. आता झाडाला तरी नीट औषध दे, असं काहीतरी त्यांच्या तोंडून आलं असतं तर वहिनी तिथेच जिन्यावर बसल्या असत्या.

पण गुलाब काही सुधारेना. उलट बिघडला. पांढरं गेलं की पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या, मग करपल्यासारखी सगळी पानं गळायची. रोग वाढला असं समजून वहिनी तेल वाढवायच्या. दोन झाकणांची तीन झाली, तिनाची चार. कधीकधी पानांना काडेपेटीसारखा वास यायचा. त्यांना वाटायचं, खाली ताई शेगडी पेटवत असतील. या वेळी तर कळस झाला. पंधरा दिवसांत कठड्यावर नुसत्या काड्या उरल्या आणि टोकाला चार भाजकी पानं.

गुरुवारी सकाळी चिमट्याला चिठ्ठी होती. 'रविवारी माळी येणार आहे. वेल मुळासकट काढून टाकते. आता रोज बघवत नाही.'

वहिनींनी ती तीनदा वाचली. नेहमीच्या चिठ्ठ्यांपेक्षा अक्षर जरा वाकडं होतं. मशीनवर एका दवाखान्याचे हिरवे पडदे होते, ते तसेच टाकून त्या खुर्चीत बसून राहिल्या. वाद घालावा तर बोलायला लागणार. बोलायला लागलं की ते निघणार. मग काढू दे मेली वेल, असंही एकदा मनात आलं. थकलं की माणूस कशालाही तयार होतं. पण तासाभराने त्या उठल्या, कात्री घेतली, दोन भाजक्या डहाळ्या कापून प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या आणि गुडघ्यांना शिव्या देत नर्सरीत गेल्या.

नर्सरीवाला कुंड्यांत माती भरत होता. त्याने पिशवीतलं पान काढलं, उलटं केलं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं.

भुरी नाहीच ही, तो म्हणाला, ही पानं भाजली आहेत. गंधक कधीपासून मारताय?

वहिनी म्हणाल्या, गंधक कुठलं, मी तर तुझ्याकडचं तेलच मारते, दर आठवड्याला. पैसे वाया गेले म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं त्याने त्यांच्याकडे बघितलं. मग मातीचे हात पुसत शांतपणे समजावलं की गंधक हे भुरीवरचं जुनं औषध, चांगलं औषध. तेल हेही औषध, चांगलंच. पण एक मारल्यावर दुसरं महिनाभर मारायचं नाही. दोन्ही एकदम पडली की पान जळतं. हे झाड रोगाने मेलेलं नाही, बाई, याला दोन डॉक्टर लागलेत.

"मी एकटीच मारते," वहिनी म्हणाल्या.

"मग हा वास कसला?" त्याने पान त्यांच्यापुढे धरलं. काडेपेटीचा वास. त्याला काहीतरी आठवलं तसं तो हसला. म्हणाला, तुमच्याच गल्लीतून एक म्हाताऱ्या बाई येतात, उंच, पांढरी पिशवी खांद्याला. गंधक नेतात. माझ्या तराजूवर त्यांचा विश्वास नाही, स्वतःचा चमचा घेऊन येतात. दर सोमवारी पहाटे मारते म्हणाल्या, जिन्यावरच्या गुलाबाला. वरच्या मजल्यावर त्रास नको म्हणून पहाटे.

वहिनींनी पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. झाड वाचेल का, एवढं विचारलं. तो म्हणाला, मूळ चांगलं असेल तर फुटेल. महिनाभर काही म्हणजे काही मारू नका, नुसतं पाणी, तेही मुळाशी. आणि भुरी येणारच हो दर वर्षी, ती काय कायमची जात नाही. सांभाळून घ्यायचं. पण एकाच हाताने.

घरी आल्यावर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या. वर चौदा पायऱ्या, ताईंचं दार तीन पावलांवर. चौदा पायऱ्या परवडल्या असत्या. पण रविवार तीन दिवसांवर होता आणि माळ्याची कुदळ काही चिठ्ठी वाचून थांबणार नव्हती.

त्यांनी दार वाजवलं.

ताईंनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. किती वाळल्या होत्या. वरून रोज डोक्याचा भांग दिसायचा, चेहरा दिसत नव्हता. मग त्या बाजूला झाल्या. वहिनी आत गेल्या, टेबलावर पिशवी ठेवली, आणि जे बोलायचं ते उभ्याउभ्याच एका दमात सांगून टाकलं. गुरुवारचं तेल, सोमवारचं गंधक, नर्सरीवाला, महिना.

ताई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेल्या. दर सोमवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक 'गं' लिहिलेलं होतं. त्यांनी पेन्सिल घेतली, "गुरुवारी ना?" विचारलं, आणि मागच्या महिन्यापासून एकेका गुरुवारी 'ते' लिहीत गेल्या. दवाखान्यात रजिस्टर भरायच्या तसं, घाई न करता. चार ओळी भरल्या. मग पेन्सिल खाली ठेवली आणि टेबलाच्या कडेला धरून बसल्या.

पानांवर चकाकी दिसायची, त्या म्हणाल्या, मला वाटायचं गंधक लागू पडतंय, म्हणून आणखी थोडं घालायचे. वहिनी म्हणाल्या, मीही वाढवतच होते. दोघींनीही खिडकीबाहेरच्या त्या काड्यांकडे बघितलं. कुणाला रागवावं तर दोघीच होत्या.

ताई उठल्या आणि चहा ठेवला. आल्यागेल्याला चहा, ही त्यांच्या घरातली जुनीच रीत, चौदा महिन्यांनी का होईना. भांड्याकडे बघत, पाठमोऱ्याच, त्यांनी विचारलं साखर किती.

वहिनी म्हणाल्या, नको, मी सोडली.

"कधी?"

"हे गेले तेव्हापासून."

ताईंनी गॅस बारीक केला. चहा उकळून खाली आला, पुन्हा वर आला, त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी गॅस बंद केला, फळीवरचा औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा खोका खाली काढला, आणि सगळ्यात मागची एक तपकिरी बाटली टेबलावर ठेवली. जाड बुचाची. तळाला साखर होती, गोळा होऊन दगड झालेली.

"तो पाचला माझ्याकडे यायचा," ताई म्हणाल्या. "दुकान बंद करायच्या आधी. एक चमचा घालायचे मी. एकच. मोजून."

वहिनींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"माझ्याकडे चारला," त्या म्हणाल्या. "मीही एकच."

ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावर आधी हिशेब आला, मग तो विरघळला आणि काहीतरी दुसरंच आलं, जे वहिनींनी घड्याळजींच्या चितेसमोरसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मला म्हणायचा, ती अगदी कडक आहे, तिला सांगू नकोस."

"मला म्हणायचे, ताई जीव खाईल."

एकदम हसू फुटलं. पहिल्यांदा कुणाला, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. लबाड, ताई म्हणाल्या, लहानपणीही असाच, आईकडून एक लाडू आणि माझ्याकडून एक. आणि म्हणता म्हणता त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं आणि रडल्या. आवाज नाही, नुसती पाठ हलत होती. वहिनींनी त्या पाठीवर हात ठेवला. हाडं लागली हाताला.

डोकं वर करून ताई म्हणाल्या, "मला वाटलं, तुला कळलंय. मी औषधं देणारी बाई, आणि मीच. म्हणून वर यायचं धाडस झालं नाही."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय."

एवढंच. चौदा महिने दोघी एकमेकींचा निकाल ऐकायच्या भीतीने दार लावून बसल्या होत्या, आणि निकाल द्यायला खुर्चीवर कुणी नव्हतंच. हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण वहिनींच्या डोक्यात लगेच दुसरं सुरू झालं: एक चमचा कदाचित सोसला असता. दोघींपैकी एकीने जरी दुसरीला एकदा सांगितलं असतं, तर एकच राहिला असता. हे ताईंच्याही डोक्यात आलं होतं, त्यांच्या नजरेवरून समजत होतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही. बोलून आता ते कमी होणार नव्हतं, आणि दोघींनाही वाहायचंच होतं तर निदान आता ते दोघींना मिळून वाहता येणार होतं.

चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला, बिनसाखरेचा, तोंड वाकडं न करता. मग ताईंनी फळीवरून गंधकाचा पुडा काढला, वर रबर लावलं, त्यात स्वतःचा चमचा खोचला आणि वहिनींच्या पिशवीत टाकला.

"दोन्ही तूच ठेव," त्या म्हणाल्या. "आणि यापुढे कुणालाही काहीही द्यायचं झालं, तर आधी मला सांग. मीही सांगेन."

"माळ्याला काय करायचं?"

"फोन करते. नको म्हणून सांगते."

वहिनी वर आल्या, चौदा पायऱ्या, मध्ये दोनदा थांबून. तेलाची बाटली आणि गंधकाचा पुडा शिलाईच्या डब्याशेजारी ठेवला. डबा उघडून बटणांखाली हात घातला. ती साखर त्यांनी तेव्हाच टाकून दिली होती, हे माहीत असूनही हात घातला.

सकाळी सातला खालून हाक आली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा. नुसतं "अगं" म्हणून. वहिनी गॅलरीत आल्या. ताई खाली बादली घेऊन उभ्या होत्या, मुळाशी वाकलेल्या, मान वर केलेली.

"पाणी घालतेय," ताई म्हणाल्या. "एक तांब्या. घालू ना?"

वहिनींनी कठडा धरला.

"घाला," त्या म्हणाल्या. "मी वरून काही घातलेलं नाही."